रेघ हलली नाही, कारभार हलला

बेळगावात जन्मलेल्या माणसाला नकाशा नुसता बघता येत नाही. कुठल्याही देशाचा नकाशा समोर आला की नजर आधी सीमेच्या रेघेवर जाते आणि रेघेच्या नको त्या बाजूला कोण कोण राहिलं याचा हिशेब सुरू होतो. त्यात माझं आयुष्य दिवाणी वकिलीत गेलेलं. हद्द, वहिवाट, कब्जा हे शब्द सोडून मला विचारच करता येत नाही. लेक म्युनिकला असते. तिच्याकडे गेलो की ती राजवाडे दाखवायचा बेत करते. या खेपेला मी हट्ट धरला की मला दक्षिण टिरोल बघायचंय. "बाबा, सुट्टीला आलायत की जागेच्या पाहणीला?" असं म्हणत तिनं तिकिटं काढली.

युरोपातल्या स्वायत्ततेच्या चळवळी म्हटलं की आपल्याकडे स्कॉटलंड आणि कॅटलोनिया एवढीच दोन नावं निघतात. 2014 साली स्कॉटलंडने 55 विरुद्ध 45 टक्क्यांनी ब्रिटनमध्ये राहायचं ठरवलं. 2017 साली बार्सिलोनात मतदान केंद्रांवर पोलिसांच्या लाठ्या चालल्या, त्याही आपण टीव्हीवर पाहिल्या. दक्षिण टिरोलमध्ये कॅमेऱ्याला दाखवण्याजोगं आज फारसं काही घडत नाही. एके काळी तिथं बॉम्ब फुटत होते. ते फुटायचे कसे थांबले, हे मला बघायचं होतं.

हा इटलीचा अगदी उत्तरेकडचा प्रांत. लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर, म्हणजे साधारण आमच्या बेळगाव शहराएवढी. 2011 च्या नोंदीप्रमाणे त्यात 69 टक्के जर्मन बोलणारे, 26 टक्के इटालियन आणि साडेचार टक्के लादिन. लादिन ही लॅटिनची एक जुनी डोंगराळ लेक, दोन-चार खोऱ्यांत टिकून राहिलेली. पहिल्या महायुद्धापर्यंत हा सगळा मुलूख ऑस्ट्रियाचा होता आणि दहातले नऊ लोक जर्मन बोलत होते. पण 1915 साली लंडनमध्ये एक गुप्त करार झाला. इटलीनं आमच्या बाजूनं युद्धात उतरावं, आम्ही ब्रेनर खिंडीपर्यंतचा मुलूख देऊ, असं ब्रिटन, फ्रान्स आणि रशियानं कबूल केलं. 1919 च्या तहात तो शब्द पाळला गेला. पाणी डोंगराच्या कुठल्या बाजूला वाहतं ते बघून रेघ ओढली. खोऱ्यात राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही.

पुढचं मुसोलिनीनं केलं. एत्तोरे तोलोमेई नावाच्या त्याच्या माणसानं 1923 साली बोल्झानोच्या नाट्यगृहात इटालियनीकरणाचा 32 कलमी कार्यक्रम वाचून दाखवला. जर्मन शाळा बंद झाल्या, जर्मन वर्तमानपत्रं दडपली गेली, गावांची, नद्यांची, शिखरांची नावं घाऊक बदलली. मिखाएल गाम्पर या धर्मगुरूच्या पुढाकारानं तळघरांत, माळ्यांवर चोरून जर्मन शाळा भरू लागल्या. शिकवणाऱ्या पोरसवदा मास्तरणींना पकडून नेत. 1930 च्या दशकात बोल्झानोला कारखान्यांची वसाहत उभी राहिली आणि दक्षिणेकडून इटालियन कामगार कुटुंबं आणून वसवली गेली. त्यामुळे आज खोरी जर्मन आणि बोल्झानो शहर बहुसंख्य इटालियन, असा पेच आहे.

1939 साली तर हिटलर आणि मुसोलिनी या दोघांनी मिळून या लोकांपुढे एक फॉर्म ठेवला. जर्मन राहायचं असेल तर घरदार सोडून जर्मनीत चला. इथंच राहायचं असेल तर इटालियन व्हा. ऐंशी टक्क्यांहून जास्त लोकांनी जायचा पर्याय लिहून दिला. युद्धामुळे प्रत्यक्ष गेले ते 75 हजारांच्या आसपास. पण फॉर्म भरताना एकाच घरात एक भाऊ 'जाणारा' आणि दुसरा 'राहणारा' झाला. आम्ही ज्या घरगुती निवासात उतरलो होतो तिथल्या आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या वडिलांनी आणि काकांनी त्यानंतर मरेपर्यंत एकमेकांशी भाषण केलं नाही, असं त्यांनी लेकीला जर्मनमध्ये सांगितलं आणि लेकीनं मला मराठीत. वाटणीच्या दाव्यांत असले अबोले मी पुष्कळ पाहिलेत. पण तिथं निदान भांडणाला जमीन तरी असते. इथं दोघांनाही आपलं तेच गाव हवं होतं.

आता वकिलाच्या आवडीचा भाग. सप्टेंबर 1946 मध्ये पॅरिसला ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री कार्ल ग्रूबर आणि इटलीचे पंतप्रधान आल्चिदे दे गास्पेरी यांनी एक छोटा करार केला. सीमा ब्रेनरलाच राहील, पण जर्मन बोलणाऱ्यांना शाळा, भाषा आणि स्वतःचा कारभार मिळेल. हा कागद इटलीच्या शांतता तहाला जोडला गेला, म्हणजे तो आंतरराष्ट्रीय झाला. दे गास्पेरी स्वतः शेजारच्या त्रेंतो भागातले. तरुणपणी ते व्हिएन्नाच्या संसदेत इटालियन अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी म्हणून बसलेले. अल्पसंख्याकाचं दुखणं त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. तरी त्यांच्याच सरकारनं 1948 साली काय केलं? स्वायत्तता दिली, पण दक्षिण टिरोल आणि इटालियन बोलणारा त्रेंतो एका प्रदेशात घालून दिली. त्या एकत्र विधिमंडळात जर्मन पुन्हा अल्पसंख्य! करार पाळला आणि करारातला जीव काढून घेतला. मसुदा लिहिणाऱ्याला मनातल्या मनात दाद द्यावी आणि मग दोन शिव्याही द्याव्यात, असं हे काम होतं.

1957 च्या शरद ऋतूत रोमच्या मंत्र्यानं बोल्झानोत पाच हजार घरांची नवी वसाहत बांधायचं जाहीर केलं आणि भडका उडाला. ही घरं कुणासाठी, हे सांगायला नको होतं. 17 नोव्हेंबरला झिगमुंड्सक्रोन किल्ल्याच्या अंगणात 35 हजार माणसं जमली. बोलायला उभा राहिला जर्मन बोलणाऱ्यांच्या पक्षाचा पुढारी सिल्वियस माग्नागो. किडकिडीत, युद्धात एक पाय गमावलेला, वडील इटालियन बोलणारे न्यायाधीश आणि आई ऑस्ट्रियाची. त्यानं इटलीतून फुटायची मागणी केलीच नाही. त्रेंतोपासून आम्हाला मोकळं करा, एवढंच मागितलं. जमाव तापला होता, शहरावर चालून जायची भाषा चालू होती. पण सभा शांततेत पार पाडीन असा शब्द माग्नागोनं अधिकाऱ्यांना दिला होता आणि तो त्यानं पाळला. सभा संपली आणि लोक घरी गेले.

1960 साली ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री ब्रुनो क्राइस्की यांनी प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला आणि 31 ऑक्टोबरला महासभेनं दोन्ही देशांना वाटाघाटी करायला सांगणारा ठराव केला. त्यानंतर जून 1961 मधल्या एका रात्री बोल्झानोच्या भोवतालचे विजेचे 37 मनोरे उडवले गेले. याच हल्ल्यांत एक रस्ता कामगार मेला. पुढे धरपकड झाली, कोठडीतल्या छळाच्या तक्रारी झाल्या, आणि दशकभर हिंसा जास्तच रक्ताळली. बॉम्ब फुटले म्हणून रोम हललं, असं म्हणणारे लोक तिथं अजूनही भेटतात. इटलीनं 19 जणांचा आयोग नेमला तो त्याच सप्टेंबरात, हे खरं आहे. पण महासभेचा ठराव बॉम्बच्या आधीचा आहे, आणि आयोगातल्या 11 इटालियन, 7 जर्मन आणि एका लादिन सदस्यानं जे केलं ते तीन वर्षं मान मोडून केलेलं कारकुनी काम होतं. माझं मत विचाराल तर त्या प्रांताचं भलं स्फोटकांनी केलं नाही. ते कंटाळवाण्या माणसांनी केलं.

1969 साली हाती आलं ते 137 मुद्द्यांचं पॅकेज. शाळा, घरबांधणी, शेती, रस्ते, पर्यटन, पोस्टातल्या नोकऱ्या, सगळं त्यात मुद्द्यांनिशी मांडलेलं. शिवाय कुणी कोणतं पाऊल कधी टाकायचं याचं वेगळं वेळापत्रक, कारण कुणाचा कुणावर विश्वास नव्हता. नोव्हेंबरच्या एका रात्री मेरान गावात माग्नागोच्या पक्षाच्या प्रतिनिधींनी त्यावर मतदान केलं. आपल्याच माणसांनी त्याला विकला गेलास म्हणून ऐकवलं. प्रस्ताव जेमतेम 53 टक्क्यांनी पार पडला. दुसरा स्वायत्तता कायदा 1972 साली आला. सगळ्या मुद्द्यांची अंमलबजावणी व्हायला 1992 उजाडलं, आणि तेव्हाच ऑस्ट्रियानं वाद मिटल्याचं संयुक्त राष्ट्रांना कळवलं. वीस वर्षं! आमच्या कोर्टातले पक्षकार ऐकून हसतील, त्यांना वीस वर्षं म्हणजे पहिली पायरी. पण या वीस वर्षांत दरसाल काहीतरी पदरात पडत होतं.

आज चालतं कसं? प्रांतात गोळा होणाऱ्या करांपैकी सुमारे 90 टक्के पैसा प्रांताकडेच राहतो किंवा परत येतो. बाकी सगळी कलमं या एका कलमावर उभी आहेत. स्वायत्तता आहे पण पैसा मागायला राजधानीच्या दारात जावं लागतंय, अशी अवस्था असेल तर त्या स्वायत्ततेनं फार तर नव्या पाट्या रंगवता येतात. सरकारी नोकरीला दोन्ही भाषांची परीक्षा पास व्हावी लागते, मग तो शिपाई असो की शल्यचिकित्सक. 1976 पासून सरकारी जागा भाषागटांच्या प्रमाणात वाटल्या जातात. कायद्याचे बारीक नियम रोमला एकट्यानं करता येत नाहीत. निम्मे रोमचे आणि निम्मे प्रांताचे अशा सहा जणांच्या समितीपुढून ते जातात. आणि कोर्टात आरोपीला स्वतःच्या भाषेत खटला चालवून घ्यायचा हक्क आहे. दिवाणी दाव्यात दोन्ही पक्षांनी वेगवेगळ्या भाषा निवडल्या तर खटला दोन्ही भाषांत चालतो. बोल्झानोच्या न्यायालयासमोर मी बराच वेळ उभा राहिलो. इमारत मुसोलिनीच्या काळातली, बघायला काही सुंदर नाही. लेकीला कळेना, बाबा इथं काय बघतायत.

इकडे बेळगावात माझे निम्मे पक्षकार मराठी. स्वतःच्या जमिनीचा कन्नड उतारा घेऊन ते माझ्याकडे येत आणि मी तो त्यांना वाचून दाखवीत असे. 1956 साली राज्यं झाली तेव्हा सातव्या घटनादुरुस्तीनं भाषिक अल्पसंख्याकांसाठी अनुच्छेद 350अ आणि 350ब घातले. पहिल्यात मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायला सांगितलंय, दुसऱ्यात एक विशेष अधिकारी नेमलाय. हा अधिकारी अहवाल देतो. अहवाल संसदेपुढे ठेवला जातो. पुढे? सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल 1967 चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा 2004 चा. आम्ही सीमावासीयांनी सगळी ताकद रेघ कुठून जावी यावर लावली. दावा चालू राहावा, मी त्याच्या विरोधात नाही. पण रेघेच्या या बाजूला राहणाऱ्या माणसाला उद्या सकाळी कचेरीच्या खिडकीवर काय मिळावं, याचे मुद्दे काढून दोन्ही सरकारांपुढे ठेवायचं काम आमच्यातल्या कुणी नेटानं केलं नाही. हे लिहिलं की गावात मला फितूर म्हणतील. माग्नागोलाही म्हणालेच होते. अर्थात त्याच्या पाठीशी ऑस्ट्रियासारखा देश आणि हातात आंतरराष्ट्रीय करार होता, तसं आमच्याकडे काही नाही. मुंबई आणि बंगळूर ही एकाच घरातली माणसं, आणि घरातल्या भांडणात पंच मिळणं अवघड असतं.

आता त्या व्यवस्थेची जी किंमत आहे तीही सांगायला हवी, नाहीतर हे सगळं सहलीच्या जाहिरातीसारखं वाटेल. जागा प्रमाणात वाटायच्या तर माणसं मोजावी लागतात, आणि मोजायची तर प्रत्येकानं मी कोण हे लिहून द्यावं लागतं: जर्मन, इटालियन की लादिन. अलेक्झांडर लांगर या लेखक-कार्यकर्त्यानं 1981 च्या जनगणनेत हे लिहून द्यायला नकार दिला. माणसांना पिंजऱ्यांत घालू नका, असं त्याचं म्हणणं होतं. त्यापायी त्याला शिक्षकाची नोकरी गमवावी लागली. पुढे तो युरोपीय संसदेत हरित गटाचा अध्यक्ष झाला, पण 1995 साली बोल्झानोच्या महापौरपदासाठी उभं राहायचं म्हटलं तर तशाच नकारामुळे त्याचा अर्ज फेटाळला गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यानं आत्महत्या केली. तो अर्ज त्याला कारण होता असं मी म्हणणार नाही. युगोस्लाव्हियातल्या युद्धानं तो आतून खचला होता. पण 1939 चा फॉर्म ज्या मातीत भरला गेला, त्याच मातीत पुन्हा 'तू कोण ते लिहून दे' म्हणायचं, आणि तेही न्यायासाठी, हे मला पचत नाही. याला पर्याय काय, हेही मला सुचत नाही. मोजदाद काढली तर सर्वांत आधी गळ्यावर सुरी येईल ती लादिनांच्या.

इटालियनांचीही बाजू आहे. रोमचं सरकार आपलं म्हणून ज्यांचे आजोबा इथं आले, ते बघता बघता प्रांतात अल्पसंख्य ठरले, तेही जर्मन न येणारे. 1980 च्या दशकात बोल्झानो शहरात नवफॅसिस्ट पक्ष सर्वांत मोठा झाला तो या चिडीतून. 1928 साली बांधलेलं मुसोलिनीचं विजयस्मारक शहरात अजून उभं आहे. त्याच्या चौकाचं नाव 2001 साली 'शांती चौक' केलं, तर पुढच्याच वर्षी सार्वमत घेऊन सुमारे 62 टक्के मतांनी लोकांनी 'विजय चौक' परत आणला. शेवटी स्मारक पाडायचं किंवा पूजायचं सोडून 2014 साली त्याच्या तळघरात फॅसिझम आणि नाझीवादाचा इतिहास सांगणारं प्रदर्शन उघडलं आणि बाहेरच्या एका खांबाला दिव्यांचं कडं घातलं. मला ही युक्ती आवडली. लेकीला आवडली नाही. ती म्हणाली, बाबा, हे म्हणजे चोराच्या पुतळ्याला चष्मा घालणं.

खरी भिंत शाळेत आहे. स्वायत्तता कायद्याच्या कलम 19 प्रमाणे जर्मन शाळा वेगळ्या, इटालियन शाळा वेगळ्या, आणि शिक्षक ज्या त्या मातृभाषेचेच हवेत. दुसरी भाषा विषय म्हणून शिकवतात, आणि आपण शाळेत जितकं हिंदी-संस्कृत शिकलो तितकीच ती बहुतेकांना येते. बेकरीतला तरुण इटालियन पोरगा लेकीशी जर्मन बोलताना अडखळत होता, शेवटी दोघं इंग्रजीवर आली. शाळेपासून खेळाच्या क्लबापर्यंत दोन आयुष्यं शेजारी शेजारी चालतात. मजा म्हणजे याच प्रांतात याचा इलाजही आहे. लादिन खोऱ्यांतल्या शाळांत निम्मे विषय जर्मनमध्ये, निम्मे इटालियनमध्ये आणि लादिन वेगळी, अशी पोरं तिन्ही भाषा घेऊन बाहेर पडतात. संख्येनं सर्वांत कमी असलेल्यांना आपली भाषा बुडेल या भीतीनं कधी शाळेची दारं लावून घ्यावी लागली नाहीत.

तिथलं राजकारण मधल्या काळात पुष्कळ बदललं. माग्नागोचा पक्ष अनेक दशकं एकहाती बहुमतात होता. 2023 च्या निवडणुकीत तो 35 पैकी 13 जागांवर आला आणि सरकारसाठी त्यानं जॉर्जा मेलोनींच्या पक्षाला बरोबर घेतलं. त्या पक्षाची वंशावळ नवफॅसिस्टांपर्यंत जाते, म्हणून निवासातल्या आजींनी नुसतं नाक मुरडलं. रोममध्ये सत्ता त्यांची, तेव्हा स्वायत्ततेची कामं त्यांच्याकडूनच करून घ्यायची, हा हिशेब उघड आहे. माग्नागोनं तरी वेगळं काय केलं असतं?

मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरीच एक घटना. गेल्या काही वर्षांत शहरातले इटालियन आणि बाहेरून आलेले स्थलांतरित आईबाप मुलांना जर्मन शाळांत घालू लागलेत. नोकरीला दोन्ही भाषा लागतात, हे त्यांना कळतं. 2024 साली बोल्झानोतल्या एका जर्मन प्राथमिक शाळेनं जर्मन न येणाऱ्या मुलांचा वेगळा वर्ग काढायचं ठरवलं. मोठा वाद झाला, आणि वरून ते थांबवलं गेलं. जर्मन पालकांची चिंता खोटी नाही: वर्गातली निम्मी पोरं जर्मन बोलेनाशी झाली तर शाळा जर्मन कशी राहणार? पण याच शहराच्या आसपास शंभर वर्षांपूर्वी जर्मन शिकवलं म्हणून मास्तरणींना अटक होत होती, आणि आज इटालियन बाप आपल्या मुलीचा हात धरून 'हिला जर्मन शिकवा' म्हणत दारात उभा आहे. त्या मुलीला घ्या, तिच्यासाठी दोन शिक्षक जास्त नेमा आणि कलम 19 ला एक पोटकलम जोडा. दहातले नऊ युरो तुमच्याच तिजोरीत आहेत.